पट्टी बदला, पण नेमकी कुठली?

आमच्या वाड्यावरच्या एका आजींना मधुमेह आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या टाचेवर जखम झाली. दवाखान्यात ती साफ करून बांधली आणि घरी सोडताना सांगितलं, ‘एक दिवसाआड बँडेज बदला.’ सुनेनं सांगितलं तसंच केलं. वरचं क्रेप बँडेज सोडायची, धुवून वाळवायची आणि दुसरं गुंडाळायची. आतला जाळीदार कापडाचा गॉज मात्र तसाच राहिला, कारण त्याला कुणी बँडेज म्हटलंच नव्हतं. वास यायला लागला तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं. पुढे ती जखम भरायला फार वेळ लागला.

त्या सुनेला दोष देणाऱ्यांचा मला राग येतो. तिला जे सांगितलं ते तिनं अक्षरशः पाळलं. सांगणाऱ्याचा शब्द तेवढा ढिला होता.

आपल्या बोलण्यात जखमेवर जे जे येतं ते सगळं ‘पट्टी’ असतं. खरं तर तिथे थर असतात. जखमेला प्रत्यक्ष टेकतो तो औषधाचा गॉज, त्यावर पाणी-पू शोषून घेणारी कापसाची जाड घडी आणि हे सगळं जागेवर धरून ठेवणारं बँडेज सगळ्यात वर. डॉक्टर-नर्स आतल्या थरांना ‘ड्रेसिंग’ म्हणतात आणि वरच्याला ‘बँडेज’. घरात मात्र ‘ड्रेसिंग करून आलो’ आणि ‘बँडेज मारून आलो’ ही दोन्ही वाक्यं एकाच अर्थानं चालतात. एरवी काही बिघडत नाही, पण घरी जखम सांभाळायची वेळ आली की याच फरकावर सगळं अवलंबून असतं.

‘प्लास्टर’चा घोळ तर आणखी मोठा. बोट कापलं की चिकटवतो तेही प्लास्टर आणि हाड मोडलं की पांढरं, टणक होतं तेही प्लास्टर. चिकटपट्टीला आपण बँडएडही म्हणतो. ते एका कंपनीच्या मालाचं नाव. 1920 साली अमेरिकेत त्या कंपनीतल्या अर्ल डिक्सन यांनी, बायकोची बोटं स्वयंपाक करताना वरचेवर कापतात म्हणून, ती पट्टी तयार केली. इथे मराठी क्रियापद आपली लाज राखतं. चिकटवायचं प्लास्टर ‘लावतात’, हाडाचं ‘घालतात’. पट्टी ‘बांधतात’, बँडेज ‘गुंडाळतात’, ड्रेसिंग ‘करतात’. नुसतं क्रियापद ऐकून शहाणा माणूस ओळखतो काय झालंय ते. हाडवाल्यांकडे कच्चं प्लास्टर आणि पक्कं प्लास्टर असा भेद चालतो आणि तो पेशंटलाही पटकन कळतो, कारण शब्द घरचे आहेत.

थरांना वेगळी नावं नव्हती असंही नाही. सुश्रुतसंहितेत जखमेत औषध लावून ठेवायची ती विकेशिका, तिच्यावरची जाड घडी ती कवलिका आणि वरून बांधायचा तो पट्ट. आपली पट्टी त्याच घरातली. बांधायचे चौदा प्रकार दिलेत. बोटांच्या पेरांना कोश, हनुवटीला गोफणा, डोक्याला वितान. गोफणा म्हटलं की शेतात पाखरं हाकणाऱ्याला आकार डोळ्यांसमोर दिसतो. बांधणं घट्ट, बेताचं की सैल, हेही शरीराच्या भागाप्रमाणे सांगितलंय. आज विकेशिका म्हणा असा माझा आग्रह अजिबात नाही. पण इतका बारीक विचार ज्या परंपरेत झाला, तिथे आज ‘पट्टी बदला’ एवढ्यावर माणसाला घरी पाठवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘चिंधी’ हा शब्द मला फार आवडतो. कृष्णाच्या बोटाला रक्त आलं, सुभद्रा चिंधी शोधत राहिली आणि द्रौपदीनं अंगावरचं भरजरी वस्त्र फाडलं, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगतात. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड रक्त चांगलं शोषून घेतं, म्हणून चिंधी. ती स्वच्छ मात्र हवी. हळद, चुना, कॉफीची पूड, रानमोडीचा रस यांनी रक्त थांबल्यासारखं दिसतं, पण माती आतच राहते. आधी स्वच्छ वाहतं पाणी, मग दाबून धरणं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवणं.

वर्तमानपत्रांनी ‘मलमपट्टी’ला वरवरच्या कामाचं नाव करून टाकलंय. पावसाळा सरला की रस्त्यांच्या खड्ड्यांवर ‘केवळ मलमपट्टी’ असा मथळा येतोच. रोज खाली बसून दुसऱ्याचा पाय मांडीवर घेऊन ज्यांनी जखम धुतली आहे, त्यांना त्या शब्दात वरवरचं काही दिसणार नाही.

गोव्यात हा विषय पावसाळ्यात जास्तच गंभीर होतो. जून ते सप्टेंबर काही वाळत नाही. ‘जखम उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 साली डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की झाकून किंचित ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा बरीच लवकर भरते. पण आतला ओलावा वेगळा आणि पट्टी भिजणं वेगळं. पावसात किंवा अंघोळीत वरचं कापड भिजलं की त्या ओलीतून जंतू आत उतरतात. अशी पट्टी वाळायची वाट न पाहता लगेच बदलायची. आणि पायावर जखम असताना शेताच्या पाण्यात उतरायचं नाही. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस अशाच जखमांतून शिरतो.

गोव्यात आधुनिक वैद्यकाची शाळा 1842 पासून आहे. पोर्तुगीज काळातल्या त्या वैद्यकीय शाळेचंच पुढे गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, झालं. त्यानंतर इतकी वर्षं गेली, तरी पेशंटच्या हातात पडणारा कागद त्याच्या भाषेत नसतो. नर्सबाई तोंडानं कोंकणीत-मराठीत छान समजावतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण घाबरलेल्या माणसाला घरी पोचेपर्यंत त्यातलं किती आठवणार? डिचोली, सत्तरी, पेडण्यातल्या घरांत पट्टी बदलणारी बहुतेक वेळा सून किंवा लेक असते, आणि ती दवाखान्यात हजर असतेच असं नाही.

म्हणून प्रत्येक दवाखान्यानं मराठीत आणि कोंकणीत एक साधा कागद द्यावा. आतला गॉज कधी बदलायचा आणि वरचं बँडेज कधी, हे वेगवेगळं लिहावं. गॉज चिकटला असेल तर ओढायचा नाही, सलाईननं, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्यानं, भिजवून सोडवायचा, हे लिहावं. बोटांची टोकं उघडी ठेवा, ती निळी, गार किंवा बधिर झाली तर बँडेज लगेच सैल करा, हेही. वास, वाढती सूज, ताप किंवा जखमेभोवती पसरत जाणारी लाली दिसली तर त्याच दिवशी या, असं ठळक अक्षरांत. आणि खाली एक फोन नंबर, ज्यावर घरातली सून बिनधास्त विचारू शकेल, ‘बाई, नेमकी कुठली पट्टी?’