ट्रायल्सची गाडी दोन किलोने हलकी केली तर नक्की काय होतं?

ट्रायल्स म्हणजे खडक, ओढे, चढ अशा आखलेल्या छोट्या टप्प्यांतून (सेक्शन) पाय न टेकता मोटरसायकल काढायचा खेळ. टायटॅनियमचे बोल्ट लावू का, कार्बनचा सायलेन्सर घेऊ का, गाडी दोनेक किलोने हलकी होईल म्हणतात... नवीन पोरं हे सारखं विचारतात आणि सेक्शनच्या कडेला उभं राहून सांगताना माझं दरवेळी अर्धंच सांगून होतं, म्हणून आज सगळं लिहून काढतोय. पोस्ट मोठी झालीय पण ट्रायल्सवर जीव असेल तर वाचा.

वजनाने फरक पडतो. हे आधीच सांगतो, कारण "सगळं रायडरवर असतं, गाडी कुठलीही द्या" हे बोलणंही मला पटत नाही. जुन्या काळातला ट्रायल्सचा दिग्गज सॅमी मिलर, त्याचं बघा ना. १९६४ ची स्कॉटिश सिक्स डेज (स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल्स स्पर्धा) त्याने एरियल या ५०० सीसी ब्रिटिश फोर-स्ट्रोकवर जिंकली, आणि ती गाडी त्याने वर्षानुवर्षं कापून, घासून, पार्ट बदलून हलकी करत आणली होती तरी १०० किलोच्या वरच होती. मग तो बुल्टाको या स्पॅनिश कंपनीकडे गेला, त्यांच्याबरोबर शेर्पा टी ही गाडी तयार केली, छोटं टू-स्ट्रोक इंजिन, वजन ९० च्या आसपास, आणि १९६५ ला तीच स्पर्धा तिच्यावर जिंकली. जड गाडीवर जिंकणाऱ्या माणसालाच ती गाडी सोडावीशी वाटली! पुढे काही वर्षांतच मोठ्या ब्रिटिश फोर-स्ट्रोक मागे पडल्या.

पण तो फरक वीसेक किलोचा होता. आजची टू-स्ट्रोक गाडी मुळातच ६५ ते ७० किलोची असते, त्यातून दोन काढायला आपण खिसा रिकामा करतो. हिशोब करा, रायडर बूट-हेल्मेटसकट ८०, गाडी ७०, एकूण १५०, त्यात दोन किलो म्हणजे दीड टक्कासुद्धा नाही. चढावर इंजिन सगळे १५० ओढतं, तिथे दोन किलो कळणारच नाहीत. जाणवतं ते हॉप करताना (जागच्या जागी गाडी उडवताना), मागचं चाक उचलून बाजूला टाकताना, कारण तिथे अंगाच्या झटक्याने मुख्यतः गाडीच हलवायची असते. आणि त्यातही वजन कुठून काढलं हे बघायला पाहिजे, याच्याकडे कोणी लक्षच देत नाही. गिअरबॉक्सजवळचं अर्धा किलो गेलं तरी पत्ता लागत नाही, पण तेच सायलेन्सरच्या टोकाचं किंवा रिमवरचं गेलं की गाडी वळवताना हाताला लगेच कळतं, कारण वजन मध्यापासून दुप्पट लांब असेल तर ते फिरवायला चौपट जड जातं. म्हणजे पैसे घालायचेच असतील तर टोकाला घाला, मधल्या बोल्टांना हात लावू नका.

आणि काही वजन हवंच असतं. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनबरोबर फिरणारं जड चाक! माझ्या जुन्या गाडीच्या फ्लायव्हीलवर वजनाची एक रिंग होती, कोणीतरी म्हणालं काढ, इंजिन कसं झटकन उठेल बघ, मी काढली. उठायचं, खरंच उठायचं, पण ओल्या खडकावर मागचं चाक पकड घ्यायच्या आधीच फिरून जायचं आणि अगदी स्लो टर्नमधे क्लच जरा चुकला की इंजिन बंद. जो ओढ्यातला सेक्शन मी एक-दोन डॅबमधे काढायचो (डॅब म्हणजे पाय टेकणं, त्याचा एक दंडाचा पॉइंट, कमी तितके चांगले) तिथे लागोपाठ पाच-पाच, म्हणजे सेक्शन पार फसलेला. तीन आठवडे मला वाटत राहिलं माझंच काहीतरी बिघडलंय, रोज प्रॅक्टिस वाढवत होतो, शेवटी एका मुरलेल्या दादाने दोन मिनिटं गाडी चालवली आणि विचारलं "रिंग काढलीस का रे?" त्याच संध्याकाळी परत बसवली. गाडी जड झाली आणि माझे पॉइंट कमी झाले. तेव्हापासून नुसता वजनकाटा दाखवून कोणी गाडी चांगली म्हटली की मी आधी चालवायला मागतो.

स्पेनच्या टोनी बोऊने २००७ ते २०२४ एकही वर्ष न सोडता इनडोअर-आउटडोअर दोन्ही वर्ल्ड टायटल घेतली, ती मोंटेसा कंपनीच्या फोर-स्ट्रोकवर, म्हणजे सगळ्यात हलक्या गाडीवर नव्हे. फॅक्टरीची गाडी वेगळी असते हे मान्य, पण त्या मोंटेसाचं विकत मिळणारं मॉडेल टू-स्ट्रोकवाल्यांपेक्षा काही किलो जडच आहे.

बरं, फुकटात काय होतं ते तरी आधी करा. पेट्रोल लिटरला पाऊण किलो भरतं, प्रॅक्टिसला टाकी गच्च भरून कशाला फिरवता? बॅश प्लेटच्या (इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याच्या) आत वाळलेला चिखल खरवडून काढा, किती निघतो ते बघून तुम्हीच चाट पडाल. मागच्या टायरमधे हवा ४ पीएसआयच्या आसपास आहे का बघा, ७-८ वर फिरणारे लोक मी पाहिलेत आणि ते ग्रिप नाही म्हणून गाडीला नावं ठेवतात. सस्पेन्शन तुमच्या वजनाला सेट केलंय का?

एका बाबतीत मात्र माझं मत बदललंय. आमच्यात एक मुलगी येते, वजन ५० च्या आत, ३०० सीसीची गाडी चालवायची. तिच्यासाठी गाडी स्वतःपेक्षा जड, दिवसभरात वीसदा पडली तर वीसदा ओढ्यातून तीच उचलणार, दुपारनंतर हात असे भरून यायचे की क्लचवर बोट धड टिकायचं नाही. आम्ही सगळे तिला टेक्निक, टेक्निक म्हणत राहिलो, त्याचं आता वाईट वाटतं. गेल्या महिन्यात तिने १२५ घेतली. बऱ्याच कंपन्यांची १२५ आणि ३०० ची चॅसी एकच असते त्यामुळे काट्यावर फार फरक नाही, पण इंजिनमधे फिरणारं वजन कमी आणि झटका कमी म्हणून हाताला गाडी खूप हलकी लागते. पहिल्याच रविवारी संध्याकाळपर्यंत तिचे हात शाबूत होते, आणि शेवटचा तो पाणी वाहणारा दगड, जिथे ती दरवेळी पाच घ्यायची, तिथे फक्त एक डॅब. खाली उतरल्यावर हेल्मेट काढायच्या आधी म्हणाली, परत एकदा जाऊ?