रॉ फाइल उघडत नाही? अभिनंदन!

कॅमेरा घ्यायचा तर बाजारात आला त्याच आठवड्यात घ्यावा. दोन-तीन महिने थांबलात तर किंमत थोडी उतरेल, फर्मवेअरमधल्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातल्या प्रोग्रॅममधल्या, चुका दुरुस्त होतील आणि तुमचं सॉफ्टवेअर त्याच्या फाइली ओळखू लागेल. मग त्यात घेण्यासारखं उरलंच काय? तेव्हा पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी घ्या. खोका देवापुढे ठेवा, हळदकुंकू वाहा, बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावा आणि उजाडायच्या आत तलावपाळी गाठा. ठाण्याची स्वागतयात्रा, कौपिनेश्वराची पालखी, ढोल-ताशे, फेटा बांधून बुलेटवर निघालेल्या नऊवारीतल्या बायका. नव्या कॅमेऱ्याला यापेक्षा चांगली बोहनी मिळणार नाही.

सेटिंग एकच ठेवायचं: फक्त रॉ, म्हणजे सेन्सरवरून आली तशी कच्ची फाइल. मेनूत ‘रॉ अधिक जेपेग’ (जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेला फोटो) असाही पर्याय असतो, पण तो भित्र्यांसाठी आहे. दोन्ही ठेवले तर फोटो त्याच दुपारी लोकांना पाठवता येतात, आणि तसं करणाऱ्याला आपल्याकडे छायाचित्रकार नाही, भाचा म्हणतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. हा आकडा तोंडपाठ करून ठेवा. पुढचे काही आठवडे फोटोंच्या जागी तोच दाखवायचा आहे.

आता घरी या, श्रीखंड-पुरी हाणा, लॅपटॉप उघडा. ही फाइल ओळखता येत नाही, असं सॉफ्टवेअर सांगेल. घाबरू नका. दोन वर्षांपूर्वीचा कॅमेरा वापरणाऱ्या तुमच्या मित्राला हा संदेश जन्मात दिसणार नाही. त्याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाका आणि खाली फक्त एक हताश चेहरा डकवा. कोणता कॅमेरा घेतलास, हे लोक आपणहून विचारतील.

संध्याकाळी काकूंचा फोन येईल. लेझीम पथकात त्या पुढच्या रांगेत होत्या, राम मारुती रोडवर तुम्ही त्यांना दोनदा थांबवून उभं केलं होतं. “अरे, माझा फोटो कधी देतोस?” अशा वेळी खोटं बोलू नये, विज्ञान सांगावं. सांगा की काकू, कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर मुळात रंगांधळा असतो. त्याच्या एकेका टिंबावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते, त्यातही हिरव्या दुप्पट. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना या रचनेचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं. तेव्हा या फाइलमध्ये तुमचा फोटो असा नाहीच, नुसते आकडे आहेत. काळं कितव्या आकड्याला सुरू होतं, पांढरं कुठे संपतं, तुमच्या पैठणीचा लाल म्हणजे नेमका कोणता लाल, आणि हे सगळे आकडे दाबून कसे बसवलेत, हे दर मॉडेलचं वेगळं. सॉफ्टवेअरला ते अजून कळलेलं नाही.

काकू थोडा वेळ गप्प राहतील आणि म्हणतील, “म्हणजे धुवायला टाकलाय.”

हो म्हणा. काकूंना तुमच्यापेक्षा नीट समजलंय.

पण हे दर मॉडेलचं वेगळं का, असा आगाऊ प्रश्न त्यांनी विचारलाच, तर विषय बदला. कारण उत्तर देताना अडचण होते. फोटोशॉपवाल्या अडोबीने २००४ मध्ये डीएनजी नावाचं रॉचं खुलं स्वरूप काढलं, त्याचा सगळा तपशील जाहीर केला आणि कुणीही वापरा म्हणून सांगितलं. लायकाने ते घेतलं. पेंटॅक्सने स्वतःच्या स्वरूपासोबत त्याचाही पर्याय ठेवला. कॅनन, निकॉन, सोनी यांनी मात्र आपापली चूल सांभाळली. कॅननने तर स्वतःचीच सीआर२ फाइल बदलून २०१८ मध्ये एम५० या कॅमेऱ्यापासून सीआर३ आणली, म्हणजे जुन्या ग्राहकांनाही वाट बघण्याचा आनंद नव्याने घेता आला. या क्षेत्रातला सर्वोच्च मान मात्र माझ्या मते निकॉनला द्यायला हवा. डी२एक्सच्या फाइलमध्ये त्यांनी व्हाइट बॅलन्सची, म्हणजे पांढरा कोणता धरायचा याची, नोंदच कुलूपबंद केली होती, आणि २००५ मध्ये त्यावरून बरीच वादावादी झाली. कॅमेरा तुमचा, बोट तुमचं, काकू तुमच्या; पण त्यांच्या केसांतल्या गजऱ्याचा पांढरा कोणता, ते कंपनीचं गुपित.

म्हणून शिष्टाचार समजून घ्या. राग काढायचा तो सॉफ्टवेअरवाल्यांवर. ‘दर महिन्याला पैसे घेतात आणि एक कॅमेरा जोडायला इतका वेळ?’ हे वाक्य पाठ करा, कुठेही चालतं. कॅमेरा कंपनीला मात्र, बाई गं, फाइलची रचना जाहीर का करत नाहीस, असं चुकूनही विचारू नका. कुलूप लावणाऱ्याला नमस्कार आणि किल्ली घासत बसलेल्याला शिव्या, हीच रीत आहे.

आता सावधगिरीच्या गोष्टी. वाट बघण्यात विघ्न आणणारे उपाय भोवती बरेच पडलेले असतात.

पहिलं विघ्न कंपनीच्याच वेबसाइटवर दडलेलं आहे. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज, ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात आणि आपापल्या नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल सहसा सुरुवातीपासूनच उघडतात. काकूंचा फोटो अर्ध्या तासात तयार होईल. हे कुणाला सांगू नका, आणि कुणी तुम्हाला सांगितलंच तर नाक मुरडून म्हणा, “माझं वर्कफ्लो त्यात बसत नाही.” वर्कफ्लो म्हणजे काय, हे अजूनपर्यंत कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

दुसरं, बहुतेक रॉ फाइलींच्या पोटात एक तयार जेपेग असतंच. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तुम्हाला दिसतं ते तेच. एक्झिफटूलसारख्या फुकट साधनाने ते बाहेर काढता येतं. न काढणं उत्तम.

याच साधनाने काही हुशार मंडळी फाइलमधलं कॅमेऱ्याचं नाव बदलून आधीच्या मॉडेलचं घालतात आणि सॉफ्टवेअरला गंडवतात. दोन्ही मॉडेलांचा सेन्सर एकच असेल तर हे कधी कधी खपून जातं. नसेल, तर ऐरोलीच्या खाडीतले तुमचे फ्लेमिंगो जांभळे होतात. ते जांभळे फोटोही टाकून द्यायचे नाहीत. खाली ‘कलर ग्रेडिंग’ लिहायचं.

फ्लेमिंगोंवरून आठवलं. पाडवा उलटला म्हणून थांबू नका, त्यांचे फोटोही फक्त रॉमध्येच काढा. ठाणे खाडीच्या या अभयारण्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली, २०२२ मध्ये ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, आणि भरती-ओहोटी सांभाळून तिथे वनखात्याची बोट सुटते. पहाटे उठा, बोट गाठा, कार्ड भरून आणा. पावसाच्या तोंडावर पक्षी निघून जातील. न उघडणाऱ्या फाइली कुठेही जात नाहीत. शिवाय त्या आकाराने भरघोस असतात, त्यामुळे नवी हार्ड डिस्कही घेता येते.

सगळ्यात मोठं विघ्न म्हणजे फुकट काम करणारे लोक. डेव्ह कॉफिन या गृहस्थाने १९९७ मध्ये डीसीरॉ लिहायला घेतलं आणि कंपन्यांनी न सांगितलेल्या शेकडो कॅमेऱ्यांच्या फाइली उलगडून तो प्रोग्रॅम जगाला देऊन टाकला. डार्कटेबल, रॉथेरपी या फुकट सॉफ्टवेअरांमागची माणसं आजही तेच करतात. त्यांची मागणी एवढीच असते, की ज्याच्याकडे नवा कॅमेरा असेल त्याने वेगवेगळ्या सेटिंगवर थोडे नमुने काढून पाठवावेत. हा कॅमेरा ठाण्यात बहुधा पहिल्यांदा तुमच्याच हातात आलाय. गच्चीवर जाऊन चार फोटो काढायचे, चढवून टाकायचे, चहा निवायच्या आत काम होईल. पण तसं केलंत आणि सपोर्ट लवकर आला, म्हणजे सॉफ्टवेअर तुमच्या फाइली ओळखू लागलं, तर मग ‘या लोकांना जमत नाही’ हे कोणाबद्दल म्हणणार? नमुने पाठवू नका. रोज रात्री अपडेट आलं का, ते मात्र बघा.

धीर सुटू लागला तर खाडी ओलांडून नवी मुंबईकरांना भेटा. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. लांबी सुमारे ११ किलोमीटर. त्या मंडळींसमोर दोन महिन्यांच्या वाटेची रड गाऊ नये, चहा पाजतील पण ऐकून घेणार नाहीत.

आणि मग एके दिवशी सपोर्ट येतो. लगेच हुरळू नका. आधी बारीक अक्षरं वाचा. कधी कधी तो ‘प्राथमिक’ असतो, म्हणजे फाइल उघडते पण रंगांची हमी नसते. तो पक्का होईपर्यंत थांबणं आलं. पक्का झाला, की कॅमेऱ्यातल्या रंगांशी जुळणाऱ्या प्रोफाइलसाठी थांबा. ते आलं, की लेन्सच्या प्रोफाइलसाठी. दरम्यान नवं अपडेट तुमच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चढत नाही आणि नवी सिस्टिम तुमच्या लॅपटॉपवर चढत नाही असं निघालं, तर समजा तुमची साधना फळाला आली. घरी लॅपटॉपचा विषय काढायला इतकं सबळ कारण पुन्हा मिळायचं नाही. एकरकमी पैसे मोजून घेतलेलं अडोबीचं लाइटरूम ६ हे फोटो सॉफ्टवेअर अजून जपून ठेवणाऱ्यांनी तर निवांत बसावं. त्याचं शेवटचं अपडेट २०१७ च्या डिसेंबरात आलं, त्यात नवा कॅमेरा आता कधीच यायचा नाही. अडोबीचा फुकटचा डीएनजी कन्व्हर्टर वापरून फाइली बदलून घेतल्या तर त्यातही उघडतात म्हणे. पण हेही वर सांगितलेल्यांसारखंच एक विघ्न.

एव्हाना श्रावण लागलेला असेल. सवाष्ण म्हणून जेवायला गेलेल्या बायकोला आणायला काकूंच्या घरी जाल, तेव्हा दिवाणखान्यात त्यांचा लेझीम खेळतानाचा फोटो दिसेल. त्यांच्या नातवाने मोबाइलवर काढलेला, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळून छापून आणून फ्रेम केलेला. त्याच्यापुढे दोन पावलं मागे सरकून उभे राहा, मान किंचित तिरकी करा आणि काकूंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणा, “छान आहे, पण हायलाइट्स उडालेत.”