पळून गेलेल्यांचा कादंबरीकार

परवा एका ग्रुपवर कुणीतरी सहज विचारलं, "तू ख्रिस्ती आहेस, कथाही लिहितेस. मग तुझ्या कथांत येशू कुठे असतो गं?" प्रश्न चांगल्या मनाने विचारला होता. मी हसरा इमोजी टाकून सुटका करून घेतली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. उत्तर द्यायचं तर माझ्याबद्दल बोलून भागणार नाही, शुसाकु एन्डो नावाच्या एका जपानी कादंबरीकाराबद्दल बोलावं लागेल. पोस्ट लांब होणार आहे. चहा घेऊन बसा.

आम्ही वसईचे कॅथलिक. बाकीच्या जगाला नागासाकी अणुबॉम्बमुळे कळतं, आमच्या कानावर ते नाव त्याच्या बरंच आधी पडतं. कारण गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जपानमध्ये राहून तिथली भाषा शिकला, व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन ह्या ख्रिस्ती संन्यासी संघात ब्रदर झाला आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत पंचवीस सोबत्यांबरोबर त्याला क्रुसावर चढवलं. १८६२ साली तो संत झाला. आमच्याकडे त्याच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे, सण तर असतोच.

लहानपणी आम्ही त्याच्यावर नाटक बसवलं होतं. मला शिपायाचं काम, हातात पुठ्ठ्याचा भाला. तालीम चालू असताना मी धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारलं, "त्यांतला एखादा घाबरून पळाला असता तर?" वर्ग हसला. उत्तर मिळालं, "संत पळत नसतात." झालं, विषय संपला. मला मात्र तो पळणारा जास्त ओळखीचा वाटत होता, कारण मी कुत्र्याला बघूनही पळायचे.

पुढे पंचविशीत शुसाकु एन्डोची 'सायलेन्स' ही कादंबरी इंग्रजीतून वाचली आणि जाणवलं, की माझा वर्गातला प्रश्न ह्या माणसाने आयुष्यभर धरून ठेवलाय.

एन्डो १९२३ साली टोकियोत जन्मला. बालपण मांचुरियातल्या दाइरेन शहरात गेलं. आईवडिलांचं फाटलं, आई मुलांना घेऊन जपानला, कोबेला बहिणीकडे आली. बहीण कॅथलिक होती. आईही त्या वाटेने गेली आणि अकरा-बारा वर्षांच्या शुसाकुचाही बाप्तिस्मा झाला. 'विश्वास आहे का' विचारल्यावर बाकीची मुलं हो म्हणाली म्हणून आपणही हो म्हणालो, असं तो पुढे सांगत असे. म्हणजे हा धर्म त्याने शोधून, झगडून मिळवलेला नव्हता. आईने अंगावर चढवलेला होता. त्याने स्वतःच त्याला कपड्याची उपमा दिली: आईने दिलेला पाश्चात्त्य कोट, आपल्या मापाचा नसलेला. कुठे ढगळ, कुठे आखूड. कितीदा काढून फेकायचा प्रयत्न केला, पण आईने दिलेला म्हणून फेकवेना. शेवटी ठरवलं, हाच उसवून आपल्या अंगाला बसेल असा शिवून काढायचा.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या ओट्यावरच्या भिंतीवरचा आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो आठवला. आजी लाल लुगड्यात, आणि शेजारी आजोबा काळ्या कोटात. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. कोट मागून आणलेला होता. आजी सांगायची, तीन भावांची लग्नं त्याच कोटात झाली. दरवेळी बाह्या आत दुमडून टाके घालायचे आणि लग्न आटोपलं की उसवून कोट परत द्यायचा. आजीला मात्र लुगडं बदलावं लागलं नाही, ते तिचंच होतं. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी पोर्तुगिजांबरोबर आलेल्या धर्मातली आमची माणसं मराठीत प्रार्थना म्हणतात, ओव्या गातात, केळी आणि भात पिकवतात. आमच्यापुरती बरीचशी शिलाई बायकांनी आधीच करून ठेवलीय. एन्डोला ती सोय नव्हती. जपानमध्ये ख्रिस्ती माणसं आजही शंभरात जेमतेम एखादं भरतं. शिवणकाम त्याला एकट्यालाच करावं लागलं, तेही कादंबरीत.

१९५० साली तो बोटीने फ्रान्सला गेला, लिऑनमध्ये फ्रेंच कॅथलिक कादंबरीकारांचा अभ्यास करायला. ज्या धर्मामुळे तो आपल्या देशात परका होता, त्या धर्माच्या माहेरघरी गेल्यावर आता तरी घरी आल्यासारखं वाटेल अशी आशा असणार. तिथे तो निव्वळ पिवळ्या कातडीचा, हरलेल्या शत्रुदेशातला पोरगा ठरला. वर क्षयाने गाठलं. १९५३ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतला. त्याच वर्षी आई गेली, आणि शेवटच्या क्षणी तो तिच्याजवळ नव्हता.

१९६० मध्ये क्षय उलटला. दोनेक वर्षं इस्पितळ, तीन शस्त्रक्रिया, एक फुप्फुस काढून टाकलं. त्यानंतर, १९६६ साली, 'सायलेन्स' आली. माझ्या मते हा क्रम महत्त्वाचा आहे. तब्येत ठणठणीत असताना माणूस हुतात्म्यांवर लिहू शकतो. शरीर काय काय कबूल करायला लावतं हे एकदा खाटेवर पडून बघितलं, की मग दुसऱ्या माणसाला 'तू का डगमगलास' असं विचारण्याची हिंमत राहत नाही. मी स्वतः एका आजारपणात तीन आठवडे खाटेवर होते. पहिल्या आठवड्यात माळेची प्रार्थना केली. तिसऱ्या आठवड्यात फक्त पुढचं इंजेक्शन किती वाजता आहे एवढंच विचारत होते. तेव्हा लाज वाटली होती. आता वाटत नाही, त्यात एन्डोचा वाटा आहे.

गोष्ट थोडक्यात सांगते, मजा जाईल म्हणून कुणी रागावू नका, ही कादंबरी शेवट कळल्याने बिघडणारी नाही. १६१४ पासून जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी. १६३३ मध्ये फेरेरा नावाच्या, जेझुइट ह्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या तिथल्या प्रमुखाला पाय वर बांधून खड्ड्यात उलटं टांगलं आणि पाच तासांनी त्याने धर्म सोडला. हे खरंच घडलेलं. कादंबरीतला रॉड्रिग्ज हा त्याचा तरुण शिष्य, हे खोटं असणार म्हणून गुरूला शोधत जपानला येतो. लोक ख्रिस्ती आहेत का हे तपासायची एक रीत होती: येशूचं किंवा मारियेचं चित्र जमिनीवर ठेवायचं आणि त्यावर पाय द्यायला लावायचं. ह्या चित्राला फुमी-ए म्हणत. पाय दिला की सुटका.

रॉड्रिग्जला अंधाऱ्या कोठडीत रात्री पहारेकरी घोरल्याचा आवाज येतो. त्याला राग येतो, हसूही येतं: मी इथे देवासाठी मरायला बसलोय आणि हा घोरतोय. मग कळतं, ते घोरणं नाही. बाहेर खड्ड्यात उलटे टांगलेले शेतकरी कण्हताहेत. त्यांनी आधीच धर्म सोडलाय, तरी त्यांना वर काढत नाहीत, कारण फादरने अजून पाय दिलेला नाही. हे एक पान लिहिण्यासाठी कादंबरीकार व्हावं, असं मला वाटतं. हुतात्म्याच्या अहंकाराला इतक्या हळू आवाजात टाचणी लावलेली मी दुसरीकडे वाचली नाही.

आणि मग तो चित्रावरचा चेहराच त्याला सांगतो, दे पाय. तुझ्या पायातली कळ मला कळते.

नागासाकीत एन्डोने एक जुनी फुमी-ए पाहिली होती, लाकडी चौकटीत बसवलेली. त्या लाकडावर पायाच्या बोटांचे काळे डाग होते. किती माणसांनी पाय दिले असतील त्याचे. चर्चच्या इतिहासात नावं राहतात ती नकार देणाऱ्यांची. डाग ज्यांचे, त्यांची नाहीत. एन्डो त्या डागांच्या बाजूने लिहायला बसला. कादंबरीत ह्या सगळ्यांचा प्रतिनिधी आहे किचिजिरो: भित्रा, दारुडा, घाण वास मारणारा, चांदीसाठी फादरला धरून देणारा, आणि प्रत्येक वेळी रडत कुमसारासाठी, म्हणजे पापांची कबुली द्यायला, परत येणारा. रॉड्रिग्जला त्याची किळस येते, वाचकालाही येते. एन्डोला येत नाही. छळ नसलेल्या काळात जन्मलो असतो तर मीही चांगला ख्रिस्ती म्हणून मेलो असतो, अशी ह्या किचिजिरोची तक्रार आहे. ह्यावर कुठल्या धर्मगुरूकडे काय उत्तर आहे?

अर्थातच जपानमधल्या कित्येक कॅथलिकांना पुस्तक आवडलं नाही. ज्यांच्या पूर्वजांनी जीव दिला त्यांना ते कसं आवडणार? मी त्यांना हसत नाही. आमच्याकडच्या एका छोट्या साहित्यिक बैठकीत मी एक कथा वाचली होती. बायको गेल्यावर मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणं बंद करणाऱ्या म्हाताऱ्याची. तो रविवारी घंटा झाली की वाडीत पाणी सोडायला जातो, एवढीच. वाचून झाल्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ प्रेमानेच म्हणाले, "बाय, आधीच आपण मूठभर. आपल्याच माणसांबद्दल असं कशाला लिहायचं?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. मूठभर असण्याची ही किंमत असते, प्रत्येक पात्राला सगळ्या समाजाचा वकील व्हावं लागतं. आणि दुसऱ्या बाजूला संपादक असतात. त्यांना ख्रिस्ती कथा म्हटली की नाताळचा केक हवा असतो, नाहीतर धर्मांतर. वाडीत पाणी सोडणारा म्हातारा दोघांनाही नको.

गंमत बघा, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती 'यमुनापर्यटन' एका ख्रिस्ती माणसाचीच, बाबा पदमनजींची. १८५४ मध्ये बाप्तिस्मा, १८५७ मध्ये कादंबरी. त्यांनी धर्म स्वतः निवडला होता, घरादाराचा रोष पत्करून. त्यामुळे त्यांच्या कादंबरीत श्रद्धा हे उत्तर आहे, आणि उत्तर हाती असलेला लेखक मध्येमध्ये प्रवचनाला उभा राहतोच. पण जिथे ते विधवांचे हाल सांगतात, केशवपनाबद्दल लिहितात, तिथे प्रवचन मागे पडतं आणि पान जिवंत होतं. तिथेही श्रद्धेचा हात आहेच. फरक एवढाच, की तिथे ती बोट दाखवत नाही, बघायला लावते. एन्डोकडे उत्तर नव्हतं, न बसणारा कोट होता. म्हणून तो मला जास्त जवळचा. हा माझा पक्षपात समजा.

तो काही सदा रडका माणूस नव्हता हेही सांगायला हवं. जपानी वाचकांना तो टवाळ लेखांसाठीही तितकाच माहीत होता, त्यासाठी वेगळं टोपणनाव घेतलं होतं. हौशी लोकांची नाटकमंडळीही काढली होती.

शेवटची मोठी कादंबरी १९९३ ची, 'डीप रिव्हर', आणि ती घडते आपल्या वाराणसीत. १९८४ साल, जपानी पर्यटकांचा जथा, मध्येच इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी. त्यात ओत्सू नावाचा एक कॅथलिक आहे. युरोपातल्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, त्याचे विचार कुणाला पटत नाहीत, शेवटी तो धोतर नेसून गंगेकाठी मरायला टेकलेल्यांना पाठीवर वाहून नेतो. त्याच्या मैत्रिणीला 'देव' हा शब्द सहन होत नाही. तर तो म्हणतो, बरं, कांदा म्हण. आणि मग पुस्तकभर देवाला कांदा म्हणतात! आमच्या आजीला हे आवडलं असतं. तीही चिडली की मारियेशी सुनेशी बोलावं तसं बोलायची.

ह्याच कादंबरीत एक लेखक आहे, क्षयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्याची पाळलेली मैना मरते. माझ्याऐवजी ती गेली असं त्याला वाटत राहतं. भारतात आल्यावर तो एक मैना विकत घेतो आणि सोडून देतो. कुठून आलं हे सांगायला नको. आणि देवळातली चामुंडा: सुकलेले स्तन, अंगभर रोगराई, तरी लेकरांना पाजणारी. येशूला आईच्या चेहऱ्याने बघायची एन्डोची जी धडपड होती, ती फिरत फिरत आपल्या देवीपाशी पोचली. मला ह्या कादंबरीतला भारत मात्र थोडा खटकतो. घाट, प्रेतं, भिकारी, गर्दी, म्हणजे टुरिस्ट बसच्या काचेतून दिसतो तेवढा. पण त्याने दोन पुस्तकं शवपेटीत बरोबर नेली, १९९६ मध्ये, आणि त्यांतलं एक हे होतं. तेव्हा मी गप्प बसते.

आता त्या ग्रुपवरच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या कथांत येशू कुठे असतो? असलाच तर कथा लिहिताना मी ज्याला शिक्षा द्यायला निघालेली असते, त्याच्या आसपास. म्हाताऱ्याच्या गोष्टीचा पहिला खर्डा माझ्याकडे अजून आहे. त्यात मी शेवटी त्याला गुपचूप चर्चच्या मागच्या बाकावर आणून बसवलं होतं. वाचून मलाच कळलं, मी त्याला ढकलत आणलाय. खोडलं. वाडीतच राहू दिला.

'सायलेन्स' वाचणार असाल तर एक विनंती. एन्डोला पुस्तकाचं नाव वेगळं, उन्हाच्या वासासंबंधीचं हवं होतं. 'मौन' हे प्रकाशकाकडून आलं, आणि मग सगळे देव गप्प का हेच शोधत बसले. दुसरं, शेवटी एका अधिकाऱ्याच्या रोजनिशीची रुक्ष पुरवणी आहे, सरकारी भाषेतली. आमच्या वाचनगटातल्या तिघांनी ती वाचलीच नव्हती, कथा संपली म्हणून पुस्तक मिटलं. त्या पुरवणीत धर्म सोडलेला, जपानी नाव आणि जपानी बायको मिळालेला रॉड्रिग्ज अजून नजरकैदेत आहे. वर्षं गेली आहेत. त्याच्याकडून पुन्हा एकदा धर्म नाकारल्याचं लिहून घेतात. पुन्हा का लागलं, ते कुणी लिहीत नाही. आणि त्याच घरात किचिजिरो चाकरी करतोय. एक दिवस त्याची झडती होते, आणि गळ्यातल्या पिशवीत मनाई असलेली संतांची चित्रं सापडतात.