फुकटची लायब्ररी आणि वर कडक मेल

आज दुपारच्या कॉलवर आमचे एक साहेब टीममधल्या नव्या पोराला म्हणाले, "अरे त्या लायब्ररीवाल्यांना जरा कडक मेल टाक ना, दोन दिवस झाले, साधं उत्तर नाही!" मी म्यूटवर होते म्हणून निभावलं.

लायब्ररीवाले म्हणजे लिबकर्ल, कर्ल या फुकट प्रोजेक्टची लायब्ररी. माहीत नसेल त्यांच्यासाठी, प्रोग्रॅमला नेटवरून काही आणायचं-पाठवायचं असलं की ती हमाली ही लायब्ररी करते. फोनमध्ये, टीव्हीत, गाड्यांत, सगळीकडे. डॅनियल स्टेनबर्ग नावाचा स्वीडनचा माणूस 1998 पासून कर्ल सांभाळतोय, तेव्हा आमच्या या पोराचा जन्मही झाला नव्हता. आणि आपण त्याला आजवर दिले किती? शून्य रुपये. वर कडक मेल!

दोन वर्षांपूर्वी मी खरंच अकाउंट्समध्ये गेले होते, की महिन्याला 5000 रुपये तरी देऊया. तिथले काका भला माणूस, चहा मागवला, मग म्हणाले बिल कुठाय? म्हटलं बिल नाही, देणगी आहे. मग ऐंशी जीची पावती? काका, परदेशातलं आहे. मग व्हेंडर कोड, जीएसटी नंबर, पीओ, आणि शेवटी अगदी निरागसपणे, "पण मॅडम ते फुकटच मिळतं ना, मग आपण पैसे का देतोय?" मी चहा संपवून परत आले. त्याच आठवड्यात रिलीजची पार्टी झाली, लोगोवाला केक, फुगे, 22 हजारांचं बिल, एका दिवसात पास. हेड काय, तर स्टाफ वेल्फेअर.

लॉगफोरजे नावाच्या अशाच एका फुकट लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं होतं, ती भानगड आठवतंय? त्यानंतर जानेवारी 2022 मध्ये एका बड्या अमेरिकन कंपनीने याच स्टेनबर्गला मेल पाठवला होता, तुमच्या प्रॉडक्टला धोका आहे का ते 24 तासांत कळवा. अरे लॉगफोरजे जावा भाषेतलं, कर्ल सी भाषेतलं, काडीचा संबंध नाही! त्याने शांतपणे लिहिलं की सपोर्टचा करार करा, लगेच उत्तरं देतो. तेव्हा मी खो खो हसले होते. आज नाही आलं हसू, कारण आज ती कंपनी आम्हीच होतो.

आता कोणीतरी म्हणेलच की त्याला 2019 पासून वुल्फएसएसएल नावाची कंपनी पगार देते, तो काही उपाशी नाहीये. बरं, मान्य. झिरोधाने 2024 मध्ये असल्या फुकट सॉफ्टवेअरवाल्यांसाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा फंड काढला, तेही मान्य, चांगलंच केलं. पण बाकीच्यांचं काय? फिनलंडचा लासे कॉलिन एक्सझेड, म्हणजे फाइली दाबून लहान करणारं फुकट सॉफ्टवेअर, सांभाळायचा, बिनपगारी, जवळजवळ एकटा. आपल्याला मानसिक त्रास आहे हे त्याने 2022 मध्ये उघड लिहिलं होतं, तरी लोक त्यालाच टोचत होते, कधी होणार, कधी होणार. तोवर जिया टॅन नावाचं कोणीतरी मदतीला आलंच होतं, त्याने गोड बोलून प्रोजेक्टच्या चाव्या घेतल्या आणि 2024 मध्ये आत चोरदरवाजा बसवला. सापडला कसा, तर अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला सर्व्हरचं लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय असं वाटलं म्हणून! अर्धा सेकंद!! जग त्यावर वाचलं आणि आम्ही केकच्या क्रीमवर चर्चा करतोय, बटर की फ्रेश.

जाऊ दे. चिडून काय होणार, मीही बारा वर्षं फुकटच खातेय.

संध्याकाळी ते पोरगं डेस्कपाशी आलं, "मॅम, कडक म्हणजे किती कडक लिहू?" बिचारा खरंच विचारत होता. त्याने लायब्ररीवाल्यांकडे टाकलेला इश्यू, म्हणजे तक्रार, उघडून बघितला तर व्हर्जनसुद्धा लिहिलेलं नाही, आणि आम्ही वापरतोय चार वर्षं जुनी. दोघांनी बसून नीट लिहिलं, लॉग जोडला, खाली थँक्यू टाकलं. मग मी कर्लच्या ओपन कलेक्टिव्हवर, म्हणजे देणगीच्या साइटवर, माझ्या कार्डवरून पैसे भरायला गेले तर इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन बंद, ते चालू केलं, दोनदा ओटीपी, गेले एकदाचे. किती ते सांगत नाही, लाज वाटण्याइतकेच आहेत.

निघताना लिफ्टपाशी काका भेटले. म्हटलं, काका, ते लायब्ररीचं स्टाफ वेल्फेअरमध्ये बसेल का हो? काकांनी खरंच विचार केला. म्हणाले, "बसवू की. त्याला म्हणावं केकचं बिल पाठव."