परीक्षकाने चौथ्या सेकंदाला काय करू नये

मंडळाच्या छायाचित्र स्पर्धेचं परीक्षकपद चालून आलंय ना? शाल-श्रीफळ घ्या आणि कामाला लागा. टेबलावर १२ बाय १८ इंची प्रिंटांचा गठ्ठा असेल, त्यातले निम्मे जेजुरीचे. प्रत्येकाला तीन सेकंद पुरेत. चौथ्या सेकंदाला फोटो खरोखर दिसायला लागतो आणि पंचाईत होते.

पहिला घ्या, सोमवतीचा भंडारा. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, इतकं चढवलेलं की लाल चॅनेल २५५ला, म्हणजे कमाल आकड्याला टेकलाय, निळा शून्यावर. त्यामुळे उधळलेली पूड दिसतच नाही, पायऱ्यांवर पिवळं फडकं वाळत घातल्यासारखं वाटतं. देवदर्शनाला आलेल्या मंडळींना सामुदायिक कावीळ. हे बोलायचं नाही. ‘वातावरण पकडलंय’ म्हणा, नऊ गुण द्या.

शेजारचे परीक्षक डार्करूमच्या जमान्यातले असतील तर त्यांना रंगाचंच वावडं. ते तोच प्रसंग कृष्णधवलमध्ये शोधतील. त्यात पिवळा पांढराफटक पडतो, आणि स्पर्धकाने यलो स्लायडर (एडिटिंगमधली पिवळा उजळ-गडद करायची पट्टी) खाली ओढलेला नसला की भंडाऱ्याचा मैदा होतो. त्याला ते दहा देतील. भांडू नका, बेरीज करा.

प्रिंट काळपट आलाय? पोराने मोबाइलचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट केलंय. स्क्रीनवर फोटो उजळ दिसला, म्हणून त्याने तो आणखी गडद केला. कागदाला कुठला दिवा? पण आधी प्रिंटच्या मागचं नाव वाचा. ओळखीचे सर असतील तर ‘लो-की’, म्हणजे मुद्दाम गडद ठेवलेला; नसतील तर ‘अंडरएक्स्पोज्ड’, म्हणजे प्रकाश कमी पडलेला.

धबधब्याचं दूध झालेलं असेल तर एनडी फिल्टरचं, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवता यावं म्हणून लेन्सवर लावलेल्या काळ्या काचेचं, कौतुक करा. वाऱ्याने पुसट झालेल्या पानांकडे बघू नका.

पक्षी विभागात चार स्पर्धकांचा खंड्या एकाच काटकीच्या त्याच गाठीवर, चोचीत मासा घेऊन बसलेला दिसेल. योगायोग समजा. पक्ष्याला बोलवायला ठेवलेला माशांचा ट्रे फ्रेमबाहेर आहे, आणि फ्रेमबाहेरचं बघायचं मानधन तुम्हाला मिळत नाही. (या फ्रेममधलं बघायचंही फारसं मिळत नाही, ते सोडा.)

गठ्ठ्याच्या तळाशी एखादा मोबाइलवरचा फोटो निघेल. गडाच्या पायरीवर ओढणी झटकणारी पोरगी, पापणीवर भंडाऱ्याचे कण मोजता येतील इतके स्वच्छ. खाली कोपऱ्यात कुणाचं तरी कोपर आलंय. त्या कोपरावर बोट ठेवा, ‘कॉम्पोझिशन’ असं पुटपुटा आणि लगेच पुढचा उचला. तीन सेकंद होऊन गेलेत.