सुई लावल्याने कॅन्सर पसरतो, हे खरं नाही

'गाठीला सुई लावू देऊ नका. बायोप्सी केली की झोपलेला कॅन्सर उठतो आणि अंगभर पसरतो. हल्ली स्कॅनमध्ये, रक्तात सगळं कळतं. लॅबवाले रिपोर्टला मुद्दाम आठवडा लावतात.' व्हॉट्सॲपवर फिरणारा हा मजकूर वाचून माणसं तपासणी टाळतात, आणि त्याची किंमत फार मोठी असते.

बायोप्सी म्हणजे गाठीतल्या पेशी किंवा छोटा तुकडा काढून तपासणं. आधी पसरण्याबद्दल. सुईच्या वाटेत पेशी सांडू शकतात, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. यकृताच्या कॅन्सरमध्ये शंभरात दोन-तीन जणांत तसं आढळलंय. म्हणूनच सिरॉसिसच्या (यकृत कडक, निकामी होत जाण्याच्या आजाराच्या) रुग्णात सीटी किंवा एमआरआयवर ठरावीक खुणा स्पष्ट दिसल्या, तर बहुतेकदा बायोप्सी करत नाहीत. वृषणाच्या गाठीला सुई लावायचं टाळतात. हाडाच्या गाठीत सुईची वाट अशी आखतात, की पुढच्या ऑपरेशनमध्ये तीही कापून काढता येते. स्तनातली गाठ किंवा तंबाखूने झालेला तोंडातला व्रण यांना असली बंदी नाही. २०१५ साली फ्लोरिडातल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या दोन हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या. आधी सुई लावलेल्यांचं आयुष्य घटलेलं नव्हतं. 'सुईनंतर गाठ वाढली' असं वाटतं, ते अनेकदा आत साकळलेल्या रक्तामुळे.

'स्कॅनमध्ये सगळं कळतं' हा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण आपल्याकडे टीबी आहे. मानेतली गाठ टीबीची असते, लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचीही असते. ताप, घाम, वजन घटणं दोन्हींत सारखंच, आणि पेट स्कॅनमध्ये दोन्ही गाठी चमकतात. पोटाच्या टीबीत रक्तातलं सीए-१२५ हे प्रथिन वाढतं, तेच अंडाशयाच्या कॅन्सरमध्येही वाढतं. एकाला टीबीच्या गोळ्या, दुसऱ्याला केमो. अंदाजाने यातलं काय द्यायचं? पेशी पाहिल्याशिवाय हे ठरत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर ईआर, पीआर (पेशींवर संप्रेरकांचा परिणाम होतो का) आणि हर-२ (हे प्रथिन जास्त आहे का) या चाचण्या बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर होतात आणि औषध त्यावरून निवडतात.

उशीर मुद्दाम होत नाही. तुकडा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रवात, मुरावा लागतो, स्तनाचा असेल तर किमान सहा तास. मग पॅराफिनच्या मेणात बसवून ब्लॉक, ३ ते ५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप, रंग देणं. शंका उरली तर पुढच्या चाचण्यांना आणखी दिवस.

बायोप्सी ठरली असेल, तर पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनशी आधी बोला. ब्लॉक आणि स्लाइड (काचेवरचे काप) जपून ठेवण्याजोग्या असतात. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यायचं तर त्याच लागतात. आणि नमुन्याची बाटली बऱ्याचदा नातेवाइकांच्याच हातात देतात, तेव्हा एक विचारा: टीबीचीही शंका असेल, तर एक तुकडा वेगळा, सलाइनमध्ये घेतलाय ना? फॉर्मलिनमध्ये टीबीचे जंतू मरतात आणि त्या तुकड्यावर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, करता येत नाही.