नियमात बसेल असेच नुकसान करून घ्यावे

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने सोलापूर, धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतील शिवारे धुऊन नेली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांचे नुकसान पुष्कळ झाले, पण सरकारी मदतीच्या नियमांप्रमाणे ते रीतसर झाले नाही. पुढील पावसाळ्यात आपल्याकडून अशी हयगय होऊ नये, यासाठी या काही सूचना.

पाऊस आपल्या शेतात किती पडला, हा प्रश्न गौण मानावा. अतिवृष्टी म्हणजे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तो मोजायचा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात. आपल्या बांधावर ढग फुटला आणि चार गावे पलीकडच्या त्या यंत्राने ६२ दाखवले, तर आपण केवळ भिजलात.

पिकालाही थोडे गणित शिकवावे. नुकसान किमान ३३ टक्के हवे. २०१५ पूर्वी ते ५० टक्के लागत असे, तेव्हा ही सवलत मोठीच आहे. मात्र तिसाव्या टक्क्याला सावरणारे सोयाबीन आपल्या मालकाचा घात करते. आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये मिळतात, म्हणजे गुंठ्याला ८५ आणि एकराला ३,४००. एवढ्यात एकरभर सोयाबीनच्या कापणीची मजुरीही भागत नाही हे खरे, परंतु पीकच वाहून गेल्याने ती मजुरी वाचली, हेही कृतज्ञतेने लक्षात ठेवावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करून मदतीची दोन हेक्टरांची मर्यादा तीनवर नेली आणि रब्बीसाठी हेक्टरी १०,००० रुपये जोडले. आकडा वाचताना कोटी हा शब्द सावकाश उच्चारावा, त्याने धीर येतो.

खरी काळजी जनावरांची घ्यावी. दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, शेळीला ४,००० आणि कोंबडीला १०० रुपये असा दर ठरलेला आहे. परंतु त्यासाठी गाईच्या कानात बिल्ला हवा, तिच्या मृत्यूचा पंचनामा हवा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने शवविच्छेदन करावे यासाठी मुळात शव हवे. म्हणून रात्री गोठ्यात पाणी शिरल्यावर दावे सोडण्याची घाई करू नये. मोकळी सुटलेली म्हैस पोहून वाचली तर प्रश्नच मिटला, पण वाहून गेली तर पुरावाही सोबत नेते. दावणीला मेलेली म्हैस मात्र बिल्ल्यासकट आपला कान शासनाच्या हाती ठेवते. पूर्वी मोठी दुभती जनावरे तीनच मोजली जात आणि चौथीला स्वतःच्या जबाबदारीवर मरावे लागे. ती अट या पॅकेजने काढली, हे मान्य केलेच पाहिजे.

पाणी ओसरल्यावर शेत साफ करण्याचा उतावीळपणा टाळावा. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक येऊन पंचनामा करेपर्यंत कुजलेले पीक जपून ठेवावे. रब्बीच्या वाफशाने थोडे थांबायला हरकत नसावी. सातबारा सामाईक असल्यास पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाशी पावसाळ्यापूर्वीच गोडीगुलाबीने वागावे, कारण त्याच्या संमतीपत्राशिवाय पैसे अडतात. शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर मदतीच्या यादीतला आपल्या नावापुढचा विशिष्ट क्रमांक घेऊन ई-केवायसीसाठी केंद्रावर जावे, आणि जाण्यापूर्वी काही आठवडे खुरप्याला हात लावू नये, म्हणजे अंगठ्यावरच्या रेषा यंत्राला ओळखू येतील.

एवढे करून पैसे जमा झाल्याचा संदेश आलाच, तर बँकेत शांतपणे जावे. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये, असे शासनाने बँकांना बजावलेले आहे. त्यामुळे खात्यावर ती रक्कम ‘होल्ड’ दिसली, तर ती वसुली नसून केवळ होल्ड आहे, असे समजावे आणि शासन निर्णयाची प्रत घरूनच छापून न्यावी, कारण शाखेत ती सहसा पोहोचलेली नसते.